मॅक्सवेलचा रंगीत भोवरा

मॅक्सवेल म्हटलं की आपल्याला आठवतात ती चार समीकरणं. ती पाठ करायची, पेपरात उतरवायची आणि मोकळं व्हायचं. पण याच माणसाने वर्षानुवर्षं रंगांचा अभ्यास केला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. मला स्वतःला त्या समीकरणांपेक्षा त्याचा भोवरा जास्त आवडतो, म्हणून हा लेख.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलचा जन्म १३ जून १८३१ रोजी स्कॉटलंडमध्ये एडिनबरो इथे झाला. तो आठ वर्षांचा असताना आई पोटाच्या कर्करोगाने गेली. खेड्यात वाढलेला हा मुलगा वडिलांनी बेतलेले विचित्र कपडे आणि बूट घालून शहरातल्या शाळेत गेला. मुलांनी त्याला वेड्यातच काढलं. पण चौदाव्या वर्षी त्याने वक्ररेषांवर निबंध लिहिला आणि तो एडिनबरोच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. मॅक्सवेल वयाने फारच लहान, म्हणून त्याच्या वतीने तो प्रोफेसर फोर्ब्स यांनी वाचला.

या फोर्ब्स सरांमुळेच त्याला रंगांचा नाद लागला. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, हे एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सरांनी मात्र एका चकतीवर पिवळे आणि निळे भाग करून ती जोरात फिरवली, तर हिरवा काही दिसेना! १८४९ साली, अठराव्या वर्षी मॅक्सवेलने हे पाहिलं. चित्रकार खरे की चकती खरी?

केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत दुसरा आल्यावर (१८५४) त्याने स्वतःचा भोवरा तयार केला. रंगीत कागदाच्या गोल चकत्यांना मध्यापर्यंत चीर द्यायची आणि त्या एकमेकींत अडकवायच्या, म्हणजे प्रत्येक रंग हवा तेवढाच बाहेर ठेवता येतो. कडेला १०० भागांची मोजपट्टी आणि मध्ये काळ्या-पांढऱ्या कागदाची छोटी चकती. त्याला असं आढळलं की हिंगुळी लाल ३७, गर्द निळा २७ आणि पाचूसारखा हिरवा ३६ भाग फिरवले, तर जो राखाडी दिसतो तो पांढरा २८ आणि काळा ७२ भागांच्या राखाडीशी हुबेहूब जुळतो. रंगांचं चक्क समीकरण! पिवळा आणि निळा फिरवला की गुलाबीकडे झुकणारी छटा दिसायची, हिरवी नाही.

असं का होतं? भोवऱ्यावर दोन्ही रंगांचा प्रकाश डोळ्यात येऊन मिसळतो, म्हणजे ती बेरीज आहे. रंगाच्या डबीत मात्र वजाबाकी असते. पिवळं द्रव्य निळा-जांभळा प्रकाश खाऊन टाकतं, निळं द्रव्य तांबडा आणि पिवळा खातं. दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा. म्हणजे चित्रकारही खरे आणि चकतीही खरी, फक्त मिसळण्याची रीत वेगळी. जर्मनीत हेल्महोल्ट्झही याच निष्कर्षाला आला होता.

पुढे मॅक्सवेल ॲबरडीनच्या कॉलेजात प्रोफेसर झाला आणि १८५८ साली प्रिन्सिपॉलच्या मुलीशी, कॅथरिनशी त्याचं लग्न झालं. रंगांच्या प्रयोगात ती त्याच्या बरोबरीने बसायची. दोघांच्या जुळणीत थोडा फरक पडायचा, आणि तोही त्याने प्रामाणिकपणे छापला. कारण रंग जितका वस्तूत, तितकाच बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे, हेच त्याला दाखवायचं होतं. १८६० साली गावातली दोन कॉलेजं एक झाली आणि प्रिन्सिपॉलचा जावई असूनही याची नोकरी गेली! त्याच वर्षी रंगांच्या कामासाठी त्याला रम्फर्ड पदक मिळालं आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजात जागाही मिळाली.

१७ मे १८६१ रोजी लंडनमध्ये त्याने कमालच केली. चौकटीच्या रंगीत फितीचे तीन फोटो काढले होते, लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून एकेक. तिन्ही त्याच रंगांच्या प्रकाशात एकाच पडद्यावर, एकावर एक टाकले आणि रंगीत फीत उमटली. गंमत म्हणजे त्या काळच्या काचांवर लाल प्रकाशाचा परिणामच होत नसे. मग हे जमलं कसं? त्याचा उलगडा व्हायला १९६१ साल उजाडलं. फितीचा लाल भाग अतिनील किरणही परावर्तित करत होता, आणि काचेने टिपले ते हे किरण! नशिबाने साथ दिली खरी, पण कल्पना पक्की होती.

पुढे विद्युतचुंबकत्वाचं प्रचंड काम झालं. १८७१ मध्ये तो केंब्रिजचा पहिला कॅव्हेंडिश प्रोफेसर झाला. आणि ५ नोव्हेंबर १८७९ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आईसारखाच पोटाच्या कर्करोगाने गेला.

मित्रांनो, मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर पाण्याचा बारीक थेंब पडला तर त्यात लाल, हिरवे, निळे ठिपके चमकतात. तिथे बेरीज चालू असते. आणि आपल्या जर्नलच्या रंगीत प्रिंटआउटवर वजाबाकी. सगळ्यांना माहीत असलेली गोष्टसुद्धा एकदा स्वतः फिरवून बघावी, एवढं मी या भोवऱ्याकडून शिकले. पुठ्ठा, रंगीत कागद आणि कंपासपेटी रूमवर असतेच. बघा करून!