शेजाऱ्यांची गाणी गोळा करणारा शिक्षक : बेला बार्टोक



आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे ते हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक. पियानोचे शिक्षक, लोकगीतांचे संग्राहक आणि सहा स्ट्रिंग क्वार्टेटचे रचनाकार. तुम्हाला पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नसलं तरी हरकत नाही. ही गोष्ट जितकी गाण्याची आहे, तितकीच शेजारधर्माचीही आहे.

जन्म आणि बालपण

बार्टोक यांचा जन्म 25 मार्च 1881 रोजी नॉजसेंटमिक्लोश या गावी झाला. तेव्हा हे गाव हंगेरीच्या राज्यात होतं, आज ते रुमानियात आहे. वडील शेतकी शाळेचे मुख्याध्यापक आणि आई शिक्षिका. पियानोचे पहिले धडे त्याला आईनेच दिले. बेला सात वर्षांचा असताना वडील वारले. आई शिकवण्या आणि शाळेतली नोकरी करत दोन्ही मुलांना घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी जात राहिली. त्यांतलं एक गाव आज युक्रेनमध्ये आहे. ज्या शहरात बेलाचं शालेय शिक्षण पूर्ण झालं ते पोझोन्य म्हणजे आजचं स्लोव्हाकियातलं ब्रातिस्लावा. एकाच मुलाचं बालपण आजच्या तीन देशांत विखुरलेलं आहे. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

1899 साली तो बुडापेस्टच्या संगीत अकादमीत दाखल झाला. तरुण बार्टोक कडवा देशाभिमानी होता. 1903 मध्ये त्याने हंगेरीचे स्वातंत्र्यवीर कोशुत यांच्यावर मोठी वाद्यवृंद रचना केली. पण हंगेरीचं स्वतःचं संगीत कोणतं, हे त्यालाही नीट माहीत नव्हतं. शहरातल्या कॅफेंमध्ये जिप्सी वादकांचे ताफे जे वाजवत, त्यालाच सगळे हंगेरियन लोकसंगीत समजत होते.

एका गाण्याने वाट बदलली

1904 च्या उन्हाळ्यात बार्टोक एका खेड्यात मुक्कामाला होते. तिथे लिदी दोशा नावाची ट्रान्सिल्व्हेनियातली तरुण मुलगी कामाला होती. ती सहज गाणं गुणगुणत होती आणि ते बार्टोक यांच्या कानावर पडलं. असं गाणं त्यांनी शहरात कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ते उतरवून घेतलं आणि तिला आणखी गाणी विचारली. एवढे शिकलेले संगीतकार, पण त्या दिवशी विद्यार्थी झाले ते घरकाम करणाऱ्या मुलीचे!

पुढच्याच वर्षी त्यांची झोल्तान कोडाय यांच्याशी ओळख झाली. कोडाय आधीपासून लोकगीतांचा अभ्यास करत होते. दोघांनी मिळून 1906 साली वीस हंगेरियन लोकगीतं पियानोच्या साथीसह प्रसिद्ध केली. मग एडिसनचा फोनोग्राफ घेऊन गावोगाव हिंडणं सुरू झालं. गाणाऱ्याने कर्ण्यासमोर तोंड करून गायचं आणि ते मेणाच्या नळकांड्यावर कोरलं जायचं. जुनी गाणी म्हाताऱ्या बायकांना येत, आणि त्या लाजायच्या. शहरातल्या या साहेबाला आमची गाणी कशाला हवीत, असा संशयही असायचा. धीर धरून त्यांचा विश्वास मिळवावा लागे. घरी आल्यावर तेच नळकांडं पुन्हा पुन्हा ऐकून एकेक स्वर, एकेक हेलकावा कागदावर उतरवायचा. अशी हजारो गाणी त्यांनी जमवली.

1907 मध्ये ते बुडापेस्टच्या अकादमीत पियानोचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ट्रान्सिल्व्हेनियातल्या खेड्यांत त्यांना पाचच स्वरांवर उभ्या असलेल्या फार जुन्या चाली सापडल्या.

क्वार्टेटमध्ये खेडं कसं आलं?

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो, अशी चार वादकांची बैठक. समोर कोणी संचालक नसतो, चौघांनी एकमेकांचं ऐकतच वाजवायचं. हायडन, मोझार्ट, बीथोव्हेन यांनी घडवलेला हा प्रकार दिवाणखान्यात आणि सभागृहात वाढलेला. त्यात शेतकऱ्याचं गाणं बसवायचं कसं?

बार्टोक यांनी लोकगीत उचलून जसंच्या तसं क्वार्टेटमध्ये ठेवलं नाही. परकी भाषा चांगली येऊ लागली की आपण पाठ केलेली वाक्यं सोडून स्वतःची वाक्यं बोलतो ना, तसं त्यांनी केलं. गाण्याचं व्याकरण आत मुरवलं आणि चाली स्वतःच्या रचल्या. 1909 साली पूर्ण झालेल्या पहिल्या क्वार्टेटच्या शेवटच्या भागात खेड्यातल्या चालीचा वास येऊ लागतो. 1913 मध्ये ते अल्जीरियातल्या बिस्क्रा भागात गेले आणि तिथल्या अरबांची गाणी ध्वनिमुद्रित केली. पुढे दुसऱ्या क्वार्टेटच्या मधल्या भागात वाळवंटी ढोलाचा ठेका ऐकू येतो.

1928 च्या चौथ्या क्वार्टेटमध्ये तर एक अख्खा भाग असा आहे की त्यात गज वापरायचाच नाही, तारा फक्त बोटांनी छेडायच्या. कुठे कुठे तार इतकी ओढायची की ती पट्टीवर आपटून टक्क आवाज झाला पाहिजे. अशा छेडण्याला आज त्यांचंच नाव दिलं जातं.

1934 च्या पाचव्या क्वार्टेटमधला एक भाग बल्गेरियन लयीत आहे. जरा टाळी वाजवून बघा : एक-दोन-तीन-चार, एक-दोन, एक-दोन-तीन. नऊ मात्रा, पण खंड असमान. झपतालातले 2-3-2-3 खंड ज्यांच्या हाताला सवयीचे आहेत, त्यांना यातली गंमत लगेच कळेल. युरोपातल्या सभागृहांतल्या वादकांना मात्र ही लय नव्याने शिकावी लागली.

देशद्रोहाचा आरोप

आता गोष्टीतला अवघड भाग. बार्टोक फक्त हंगेरियन गाण्यांवर थांबले नाहीत. स्लोव्हाक आणि रुमानियन खेड्यांतही ते तितक्याच जिव्हाळ्याने गेले. त्यासाठी त्या भाषा शिकले. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की आपलं नेमकं काय, हे शेजाऱ्याचं ऐकल्याशिवाय ठरवताच येत नाही. चाली हद्द ओलांडतात, बदलतात आणि कधीकधी नवं रूप घेऊन परत येतात.

पण पहिलं महायुद्ध झालं. 1920 च्या ट्रियानॉन तहात हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश गेला. बार्टोक यांचं जन्मगाव रुमानियात गेलं, शाळेचं शहर चेकोस्लोव्हाकियात गेलं. लोकांच्या मनात राग धुमसत होता. नेमक्या त्याच वर्षी बार्टोक यांनी रुमानियन लोकसंगीतावर लेख प्रसिद्ध केला. झालं! हा माणूस देशाभिमानी नाही, शत्रूच्या उपयोगी पडतो आहे, अशी टीका वर्तमानपत्रांतून झाली. जे सापडलं ते खरं खरं मांडायचं, यापलीकडे त्यांचा हेतू नव्हता. टीका सोसूनही त्यांनी रुमानियन गाण्यांचं काम सोडलं नाही. 1936 मध्ये ते तुर्कस्तानात गेले, तेव्हा तिथल्या चाली आणि जुन्या हंगेरियन चाली यांतलं साम्य पाहून त्यांना फार आनंद झाला.

देश सोडला, तत्त्व सोडलं नाही

जर्मनीत नाझी सत्ता आली आणि वंशशुद्धीच्या घोषणा सुरू झाल्या. बार्टोक यांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. 1938 मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी व्हिएन्नातला आपला प्रकाशकही बदलला. 1939 मध्ये सहावा क्वार्टेट लिहिला. त्याचा प्रत्येक भाग एकाच उदास सुरावटीने सुरू होतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आई गेली. ऑक्टोबर 1940 मध्ये ते पत्नीसह अमेरिकेला निघाले. जाण्यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी अट घातली, की हंगेरीत हिटलर आणि मुसोलिनी यांच्या नावाचे रस्ते किंवा चौक आहेत तोवर माझं नाव कुठल्याही रस्त्याला देऊ नये.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात ते सर्बो-क्रोएशियन लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिकांवर काम करत होते. परदेशातही शेजाऱ्यांचीच गाणी, बघा! 1942 साली त्यांनी संगीतातल्या वंशशुद्धीवर एक लेख लिहिला. देवाणघेवाणीने लोकसंगीत समृद्ध होतं आणि भिंती उभ्या केल्या की ते सुकतं, असा त्याचा मथितार्थ होता. रक्ताच्या कर्करोगाने 26 सप्टेंबर 1945 रोजी त्यांचं निधन झालं. 1988 मध्ये त्यांचे अवशेष बुडापेस्टला आणण्यात आले.

आपल्या वर्गासाठी

बार्टोक यांनी मुलांसाठीही भरपूर लिहिलं. मिक्रोकोसमोस या मालिकेत पियानोचे 153 धडे आहेत, अगदी सोप्यापासून अवघडापर्यंत. दोन व्हायोलिनसाठी लिहिलेल्या त्यांच्या 44 छोट्या रचनांत हंगेरियन, स्लोव्हाक, रुमानियन, अरबी अशा कितीतरी चाली शेजारी शेजारी नांदतात. विद्यार्थी वाजवायला शिकता शिकता शेजाऱ्याची ओळखही करून घेतो.

आपल्याकडे फोनोग्राफ नाही, पण मोबाईल आहे. एक उपक्रम करून पाहा. प्रत्येक मुलाला घरच्या आजीचं एक गाणं ध्वनिमुद्रित करून आणायला सांगा. घरची भाषा जी असेल त्या भाषेत, बोलीतही चालेल. कोणी हसणार नाही याची काळजी मात्र आपण घ्यायची. मग त्या मुलाने ते गाणं बाकावरच्या शेजाऱ्याला शिकवायचं, आणि वर्गासमोर ते शेजाऱ्याने म्हणून दाखवायचं. ज्या मुलाची भाषा वर्गात एरवी कोणी ऐकत नाही, त्याचा चेहरा त्या क्षणी नक्की पाहा.