चालत्या गाडीतील गारवा : फ्रेडरिक जोन्स

दूध, मासे, फळे, रोगप्रतिबंधक लसी यांसारखे नाशवंत पदार्थ भर उन्हाळ्यात शेकडो किलोमीटर दूर सुखरूप पोचतात, याचे आज कोणालाही नवल वाटत नाही. नाशिकची द्राक्षे जहाजातून युरोपच्या बाजारपेठेत जातात, तेव्हा ती वेलीवरून नुकतीच उतरवल्यासारखी टवटवीत असतात. या साऱ्यामागे चालत्या वाहनात गारवा टिकवून धरणारी यंत्रणा आहे. ही यंत्रणा व्यवहारात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्यांच्याकडे जाते, त्या फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स यांनी अभियांत्रिकीच्या कोणत्याही महाविद्यालयात पाऊल ठेवले नव्हते. त्यांची शाळा तर बालपणीच सुटली होती.

अमेरिकेत ओहायो नदीच्या दोन काठांवर सिनसिनाटी आणि कव्हिंग्टन ही शहरे समोरासमोर वसली आहेत. याच परिसरात 17 मे 1893 रोजी जोन्स यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गोरे, तर आई कृष्णवर्णीय होती. आईचे प्रेम त्यांना फार काळ लाभले नाही. एकट्याने मुलाचा सांभाळ करणे वडिलांना जमेना, म्हणून त्यांनी त्याला कव्हिंग्टन येथील एका कॅथलिक धर्मगुरूंच्या स्वाधीन केले. धर्मगुरूंच्या घरी अन्न, वस्त्र आणि थोडेफार शिक्षण मिळाले. पण मुलाचे मन रमले ते यंत्रांत. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्याने ते घर सोडले आणि पोटासाठी कामाचा शोध सुरू केला.

त्या काळी रस्त्यांवर मोटारी नुकत्याच दिसू लागल्या होत्या. सिनसिनाटीतील एका गॅरेजमध्ये झाडलोट करण्याचे काम जोन्स यांना मिळाले. हात झाडूवर असला, तरी डोळे मात्र मोटार दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या हातांवर खिळलेले असत. कोणता भाग कशासाठी आहे, तो का झिजतो, तो निकामी झाला की इंजिनाचा आवाज कसा बदलतो, हे त्यांनी निरीक्षणाने जाणून घेतले. पुढे त्यांना दुरुस्तीचे काम मिळाले आणि विशीत पोचण्यापूर्वीच ते त्या गॅरेजमधील प्रमुख कारागीर झाले. शर्यतीच्या मोटारी बांधण्यातही त्यांनी कौशल्य मिळवले.

1912 मध्ये ते मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळील हॅलॉक या छोट्या गावी आले. तेथील एका विस्तीर्ण शेतावरील यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे सोपवण्यात आली. दिवसभर यंत्रे दुरुस्त करावीत आणि रात्री वीज व अभियांत्रिकीवरील पुस्तके वाचावीत, असा त्यांचा क्रम ठरून गेला. पुस्तकात वाचलेले दुसऱ्या दिवशी यंत्रावर ताडून पाहता येई आणि यंत्रासमोर पडलेल्या प्रश्नाचे उत्तर रात्री पुस्तकात शोधता येई. शाळेने अर्ध्यावर सोडलेले शिक्षण त्यांनी अशा रीतीने स्वतःच पुढे नेले.

पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात दाखल होऊन फ्रान्सला गेले. तेथे सैनिकी तळांवर विजेच्या तारा जोडण्याचे व उपकरणे दुरुस्त करण्याचे काम त्यांनी केले. युद्धानंतर ते पुन्हा हॅलॉकला परतले. गावासाठी त्यांनी रेडिओ प्रक्षेपक तयार केला. 1920 च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, तेव्हा गावातील चित्रपटगृहाला महागडी ध्वनियंत्रणा परवडण्यासारखी नव्हती. जोन्स यांनी हाताशी असलेल्या साहित्यातून ती स्वतः तयार केली. या कामाची कीर्ती मिनियापोलिस शहरातील उद्योजक जोसेफ न्यूमेरो यांच्या कानी गेली. त्यांची कंपनी चित्रपटगृहांना लागणारी सामग्री पुरवत असे. 1930 च्या सुमारास त्यांनी जोन्स यांना आपल्या कंपनीत घेतले. चित्रपटगृहात तिकिटे देणाऱ्या यंत्रासाठी जोन्स यांना 1939 मध्ये एकस्व, म्हणजेच पेटंट, मिळाले.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते 1938 मध्ये. त्या काळी मांस, कोंबड्या, फळे यांची ट्रकमधून वाहतूक करताना माल बर्फात ठेवत असत. वाटेत ट्रक बिघडला किंवा ऊन वाढले की बर्फ वितळे आणि सारा माल नासून जाई. एका परिचित वाहतूक व्यावसायिकाचे असेच नुकसान झाले. त्याच्यासाठी ट्रकमध्ये बसणारे शीतयंत्र तयार करून देण्याची गोष्ट न्यूमेरो बोलता बोलता, काहीशा थट्टेने, बोलून गेले. व्यावसायिकाने ते बोलणे मनावर घेतले आणि खरोखरच ट्रक पाठवून दिला. न्यूमेरो पेचात पडले. जोन्स मात्र ट्रकमध्ये चढले, त्यांनी आतील मापे घेतली, मनाशी काही हिशेब केला आणि हे काम होण्यासारखे आहे, असा निर्वाळा दिला.

यात इतके अवघड काय होते, असा प्रश्न मनात येईल. घरात वा दुकानात शीतयंत्रे तर तेव्हाही होती. त्यांचे तत्त्व सोपे आहे. कॉम्प्रेसर शीतक वायूवर दाब देतो, तेव्हा तो वायू तापतो. बाहेरच्या जाळीदार नळ्यांतून जाताना तो आपली उष्णता हवेत सोडून देतो व द्रवरूप होतो. पुढे एका अरुंद वाटेतून तो आतील नळ्यांत शिरतो. तेथे दाब एकदम कमी होताच तो थंड होतो, आतील हवेची उष्णता शोषून घेतो आणि पुन्हा वायुरूप होतो. हे चक्र अखंड चालू राहिले, तर गारवा टिकतो.

मात्र घरातील यंत्र एका जागी स्थिर असते, तर ट्रकमधील यंत्राला खाचखळग्यांतून धावावे लागते. सततच्या हादऱ्यांनी नळ्यांचे सांधे ढिले होतात, शीतक वायू गळतो, विजेच्या जोडण्या सैल पडतात. अशा यंत्राचा बिघाडही फसवा असतो. ते कारखान्यात व्यवस्थित चालते, रस्त्यावर बंद पडते आणि कारागिराने पाहावे तर पुन्हा सुरू झालेले असते. पूर्वीचे अनेक प्रयत्न या हादऱ्यांपुढे टिकले नव्हते. जोन्स यांनी गॅरेजमध्ये आणि शर्यतीच्या मोटारी बांधताना हादऱ्यांचे परिणाम जवळून पाहिले होते. हादरे सोसू शकेल असे सुटसुटीत यंत्र त्यांनी तयार केले आणि ते ट्रकच्या तळाशी बसवले.

यंत्र सुरू झाले आणि आत गारवाही आला. पण रस्त्यावर उतरल्यावर त्याचा दोष उघड झाला. चाकांनी उडवलेली धूळ आणि चिखल यंत्रावर साचू लागला. हवा खेळण्याची वाट बुजली की उष्णता बाहेर पडेना आणि यंत्र काम देईनासे होई. यंत्राच्या रचनेत चूक नव्हती, चूक होती ती त्याच्या जागेत. हे लक्षात येताच जोन्स यांनी यंत्र तळाशी न ठेवता मालाच्या पेटीच्या पुढच्या भिंतीवर, चालकाच्या कक्षाच्या वरच्या बाजूस बसवले. तेथे चिखल पोचत नव्हता आणि मोकळी हवा भरपूर मिळत होती. आजही रस्त्यावरून जाणाऱ्या अनेक शीतवाहनांच्या कपाळावर ते यंत्र त्याच जागी दिसते.

चालकाला वारंवार उतरून यंत्राकडे पाहावे लागू नये, म्हणून तापमानानुसार इंजिन आपोआप सुरू व बंद होण्याची व्यवस्थाही त्यांनी शोधून काढली. तिचे एकस्व त्यांना 1943 मध्ये मिळाले. वाहनांसाठीच्या शीतयंत्राचे महत्त्वाचे एकस्व 12 जुलै 1949 रोजी त्यांच्या नावावर नोंदले गेले.

आजच्या मोटारींतील वातानुकूलन यंत्रणाही याच तत्त्वावर चालते आणि तिलाही असेच फसवे दोष जडतात. गाडी धावताना गारवा मिळतो, पण चौकात थांबताच हवा कोमट होते. अशा वेळी पुढच्या जाळीत साचलेला कचरा किंवा बंद पडलेला पंखा याचे कारण असू शकते. शीतकात पाण्याचा अंश शिरला असेल, तर तो अरुंद वाटेत गोठतो व प्रवाह अडवतो. यंत्र थोडा वेळ बंद राहिले की तो वितळतो आणि सारे पूर्ववत चालू होते. कॉम्प्रेसरला जोडणारा विद्युतचुंबकीय क्लच झिजला असेल, तर गाडी थंड असताना तो पकड घेतो आणि तापल्यावर सोडून देतो. म्हणूनच दोष कोणत्या वेळी, कोणत्या रस्त्यावर, किती वेळाने प्रकट होतो, याची बारकाईने चौकशी करून आणि तशीच परिस्थिती पुन्हा निर्माण करून जाणता कारागीर त्याचा माग काढतो. कारण न शोधता एकामागून एक भाग बदलत राहिल्यास गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि दोष मात्र तसाच राहतो. जोन्स यांनी आपल्या पहिल्या यंत्राचा दोष असाच, ते जेथे बिघडत होते तेथे जाऊन शोधला होता.

या शोधाच्या बळावर न्यूमेरो यांनी चित्रपटसामग्रीचा व्यवसाय सोडून जोन्स यांच्यासह शीतयंत्रांची नवी कंपनी उभारली. हीच कंपनी पुढे थर्मो किंग या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात जोन्स यांच्या शीतयंत्रांमुळे रणभूमीवरील रुग्णालयांत रक्त, औषधे आणि अन्न टिकवता आले. ताज्या मालासाठी गावाजवळच्या हंगामी पिकावर अवलंबून राहण्याची गरज पुढे हळूहळू कमी होत गेली.

ज्या काळात जोन्स हे सारे करत होते, त्या काळी अमेरिकेच्या अनेक भागांत कृष्णवर्णीयांना वेगळ्या शाळांत शिकावे लागे, वेगळ्या डब्यांतून प्रवास करावा लागे आणि कित्येक उपाहारगृहांची दारे त्यांना बंद असत. अशा समाजात 1944 मध्ये अमेरिकेतील शीतकरण अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. पदव्या मिळवलेल्या अभियंत्यांच्या पंक्तीत गॅरेजमध्ये झाडू मारणारा मुलगा स्वतःच्या ज्ञानाच्या बळावर जाऊन बसला होता.

जोन्स यांचे काम अखेरपर्यंत थांबले नाही. तापमान नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेचे एक एकस्व त्यांना 1960 मध्ये मिळाले. पुढच्याच वर्षी, 21 फेब्रुवारी 1961 रोजी, मिनियापोलिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर साठाहून अधिक एकस्वे आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य शीतकरणाशी संबंधित आहेत. 1991 मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक जोन्स व न्यूमेरो या दोघांना मरणोत्तर देण्यात आले. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते ते त्यांच्या पत्नींनी स्वीकारले. हे पदक मिळालेले जोन्स हे पहिले आफ्रिकी-अमेरिकी होत.

शाळा सुटली म्हणून जोन्स यांचे शिकणे सुटले नाही. गॅरेज, शेत, सैन्याचा तळ आणि चिखलाने माखलेला ट्रक, या प्रत्येक ठिकाणाहून त्यांनी काही ना काही शिकून घेतले. दूरच्या एखाद्या खेड्यातील आरोग्य केंद्रात थंड पेटीतून लस सुरक्षित पोचते, तेव्हा त्या गारव्यात एका कारागिराच्या कष्टांचाही वाटा असतो.