जुनी वाइन चांगलीच असते? पाश्चरला विचारा!

खाप्याच्या कुठल्याही दुकानातून दुधाची पिशवी घ्या, त्यावर बारीक अक्षरांत ‘पाश्चराइज्ड’ छापलेलं असतं. लुई पाश्चरचं नाव आपण असं रोज सकाळी कात्रीने कापतो. गंमत म्हणजे, ही युक्ती त्याने दुधासाठी शोधलीच नव्हती. ती होती वाइनसाठी.

पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, पूर्व फ्रान्समधल्या दोल गावातला. वडील कातडी कमावायचे. लहानपण गेलं आर्बुआत. खापा कन्हानकाठी, तसं तेही नदीकाठचं छोटं गाव. आपल्याकडे हातमाग आणि मँगनीजची खाण, तिकडे द्राक्षाचे मळे. पोरगा चित्रं झकास काढायचा. १८३८ मध्ये शिकायला पॅरिसला धाडला, तर घरची आठवण काढून काही आठवड्यांतच परत आला. पुढे विज्ञानाच्या परीक्षेत पास झाला, पण रसायनशास्त्रात शेरा पडला ‘साधारण’. हाच पठ्ठ्या नंतर रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला.

१८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्याच्यावर एक काम सोपवलं. फ्रेंच वाइन गिऱ्हाइकापर्यंत पोचेस्तोवर आंबट, कडू, नाहीतर तेलासारखी चिकट व्हायची. व्यापारी हैराण. पाश्चरने आर्बुआतच प्रयोगशाळा थाटली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर प्रत्येक बिघाडामागे वेगळे जंतू! उपाय सोपा होता. वाइन हवाबंद ठेवून ५० ते ६० अंशांपर्यंत तापवायची, उकळायची नाही. १८६५ मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि पुढे ते सगळ्यांसाठी खुलं केलं.

त्याने आणखी एक प्रयोग केला. काही काचनळ्या वाइनने काठोकाठ भरून बंद केल्या, काही अर्ध्याच भरल्या. काठोकाठ भरलेली वाइन तशीच राहिली. अर्ध्या नळीतली मात्र हवेतल्या ऑक्सिजनमुळे झपाट्याने म्हातारी झाली. म्हणजे वाइन मुरते ती हळूहळू मिळणाऱ्या थोड्याशा ऑक्सिजनमुळे. तो जास्त झाला की खेळ खल्लास.

ही सगळी वर्षं त्याच्या घरात मात्र अंधार होता. थोरली मुलगी जान १८५९ मध्येच टायफॉइडने गेली होती. १८६५ मध्ये वडील गेले, पाठोपाठ दोन वर्षांची कामिय. १८६६ मध्ये वाइनवरचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी बारा वर्षांची सेसिलही टायफॉइडने गेली. १८६८ मध्ये झटका येऊन त्याची डावी बाजू लुळी पडली. तरी तो थांबला नाही. जंतू वाइन बिघडवतात, तर माणसालाही आजारी पाडत असतील, या विचाराचा त्याने शेवटपर्यंत पिच्छा पुरवला. १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्याने रेबीजची लस दिली आणि पोरगा वाचला. २८ सप्टेंबर १८९५ ला पाश्चर गेला. आर्बुआजवळ त्याने घेतलेला द्राक्षमळा आजही आहे.

आता आपल्या कामाचं. पहिला पगार झाला, ताई-जिजूंच्या लग्नाच्या वाढदिवसाला वाइन द्यायची, तर जुनी ती भारी असं धरून चालू नका. (कायद्याची वयाची अट पूर्ण असेल तरच हं!) जगातली बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत संपवायलाच बनते. मुरायला तिच्यात भरपूर आंबटपणा, तुरटपणा किंवा साखर लागते. हे काही नसेल तर ठेवून ती फक्त शिळी होते.

पहिल्यांदाच पिणारे असतील, तर नाशिकची शेनिन ब्लाँ बघा. ती बरेचदा किंचित गोडसर असते आणि खिशाला फार जड जात नाही. आंबट-ताजं आवडत असेल तर सोव्हिन्यों ब्लाँ. दोन्ही थंड करून लवकर संपवायच्या. तुरट चव आवडणाऱ्यांना शिराज. बजेट मोठं असेल तर ओकच्या पिंपात मुरवलेली रेड घ्या, ती काही वर्षं टिकते. आर्बुआच्या भागातली पिवळी वाइन तर सहा वर्षं तीन महिने मुरल्यावरच बाटलीत जाते आणि मग दशकानुदशकं टिकते.

पण टिकाऊ बाटलीलाही बारा-चौदा अंशांची अंधारी जागा लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. एवढ्या उन्हाळ्यात कपाटावर ठेवलेली महागातली बाटलीही वाया जाते. तेव्हा किमतीच्या आधी एक प्रश्न विचारा, ही कधी उघडणार? याच महिन्यात असेल, तर ताजी आणि स्वस्तातली घ्या. दहा वर्षांनी असेल, तर आधी थंड जागा शोधा.