आसनत्यागी आर्चबिशप गुडियर

मुंबईच्या कॅथलिक समाजात पूर्वी दुहेरी अंमल होता. काही चर्चे पोर्तुगीज राजाश्रयातील धर्माध्यक्षांना मानीत, तर काही थेट रोमने नेमलेल्यांना. उपासना एकच, परंतु शेजाऱ्याशेजाऱ्यांत दुरावा! इंग्लंडात १८६९ साली जन्मलेले जेझुइट आल्बन गुडियर १९१९ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. हा पेच सुटावा म्हणून १९२६ साली त्यांनी पदत्याग केला. १९२८ च्या करारान्वये मुंबईतील दुहेरी अंमल संपुष्टात आला आणि पोर्तुगीज आर्चबिशप लिमा त्या गादीवर आले. पुढे मायदेशी ग्रंथलेखनात रमलेले गुडियर १९३९ मध्ये निवर्तले. दुभंगलेले घर सांधावयाचे तर थोरल्याने आधी आपले आसन सोडावे, हाच बोध आम्ही या चरित्रातून घेतो.