वाड्यावरचा खलनायक : निळू फुले

निळू फुले यांचे नाव निघाले की आमच्या तळ्याच्या बाजारपेठेत आजही कोणी ना कोणी मान तिरकी करून त्यांच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करतो. १३ जुलै २००९ रोजी ते पुण्यात कर्करोगाने वारले, तेव्हा मी अंगणवाडीतही जात नव्हतो. तरीही आमच्या पिढीला ते ठाऊक आहेत; परंतु ठाऊक आहेत ते गरिबाची जमीन आणि सून दोन्हींवर डोळा ठेवणारे पाटील म्हणून.

वार्षिकासाठी त्यांच्यावर लेख लिहितो आहे असे आजीला सांगितले, तर त्या मेल्यावर लिहायला तुला दुसरे कोणी सापडले नाही का, असे तिने विचारले. गणपतीत चाकरमानी मंडळी मुंबईहून आली की वाडीत व्हिडिओ लावत, तेव्हा तिने त्यांना पाहिलेले. तिच्या लेखी हा माणूस खराच तसा होता. नटाला याहून मोठी पावती नाही, आणि शिक्षाही नाही. खेड्यापाड्यांतल्या कित्येक बायका त्यांना प्रत्यक्ष पाहूनही बिचकत.

हा पाटील मुळात माळी होता, हे मला वाचनालयातल्या एका जुन्या दिवाळी अंकात कळले. १९३० च्या सुमाराचा जन्म, घरात खाणारी तोंडे पुष्कळ. सतराव्या-अठराव्या वर्षी ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत कामाला लागले. पगार महिना ८० रुपये, आणि त्यातले १० रुपये राष्ट्र सेवा दलाला! स्वतःची रोपवाटिका काढायची त्यांची इच्छा होती, पण भांडवल कोठून आणणार? आमच्यासारख्या घरांतून कॉलेजात आलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

सेवा दलाच्या कलापथकाने त्यांना रंगमंच दिला. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नाव झाले आणि १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ मध्ये ते झेले अण्णा होऊन पडद्यावर आले. येथून पुढे गाव, वाडा, तमाशा आणि त्यात निळू फुले, असा साचाच ठरून गेला. हॉलीवूडमध्ये एडवर्ड जी. रॉबिन्सन या नटाला १९३१ च्या एका चित्रपटानंतर गुंडाच्याच भूमिका चिकटल्या, तसेच हे झाले. पुढच्या कितीतरी चित्रपटांत दिग्दर्शकांनी त्यांना तेच ते करायला लावले. माझ्या मते हा आळस होता, आणि त्यात मराठी चित्रपटाचेच नुकसान झाले.

कारण ‘सामना’ पाहावा. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यातले साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील डोळे वटारीत नाहीत. दारुड्या मास्तराला ते घरी आणतात, खाऊपिऊ घालतात, मान देतात. मास्तर मात्र मारुती कांबळेची चौकशी सोडीत नाही. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर जसजसा खोदत जातो, तसतसा हिंदुरावांच्या चेहऱ्यावरचा आदबशीरपणा किंचित ताठ होतो, एवढेच. अशी गोड बोलणारी माणसे आपण सर्वांनी निवडणुकीच्या दिवसांत पाहिली आहेत. मला वाटते, ८० रुपयांच्या माळ्याने साहेबलोक खालून पाहिले होते, म्हणूनच ही भूमिका इतकी बिनचूक उतरली.

साचा त्यांनी मोडलाही. १९७२ साली वादळ उठवणाऱ्या ‘सखाराम बाइंडर’ नाटकात ते सखाराम होते. १९७७ च्या ‘जैत रे जैत’ मध्येही ते आहेत. ही तर आपल्याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ठाकरांची कथा. आणि १९७९ च्या ‘सिंहासन’ मध्ये त्यांनी पत्रकार दिगू टिपणीस केला. सत्तेचा बाजार पाहून पाहून शेवटी वेडावल्यासारखा हसत सुटणारा हा दिगू मी मोबाईलच्या लहानशा पडद्यावर पाहिला, तरी रात्री झोप आली नाही. हिंदी ‘सारांश’ मध्ये (१९८४) मात्र पुन्हा वाईट पुढारीच वाट्याला आला. १९९१ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला.

पडद्याबाहेर ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’ चे प्रयोग झाले, त्यांतही त्यांनी काम केले. सोबत डॉ. लागू होते. ‘सामना’ तले पाटील आणि मास्तर, दोघे मिळून, खेड्यापाड्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी पैसे उभे करीत होते.