आनंदीबाईंचा क्षय आणि चिंचवडची मुले
आनंदीबाई जोशी यांचे दहा दिवसांचे मूल दगावले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या वेदनेतूनच त्या फिलाडेल्फियास गेल्या व १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली. परंतु रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वय अवघे एकवीस. क्षयाचा जंतू १८८२ मध्येच सापडला होता, औषध नव्हते. पुढे स्ट्रेप्टोमायसिन पुण्याशेजारी पिंपरीतच बनू लागले. तथापि चिंचवडमध्ये एकाच खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या मुलाला क्षयाची बाधा होते ती बहुधा घरातल्याच खोकल्यातून. बीसीजी त्याला मेंदूच्या क्षयापासून बरेच संरक्षण देते. रुग्णाच्या घरची मुले तपासून त्यांना प्रतिबंधक गोळ्या देणे मात्र आरोग्यसेविकेच्या, अंदाजपत्रकात उपेक्षितच राहणाऱ्या, पायपिटीवर अवलंबून आहे.