मेट म्युझियमने ५०० कलाकृती फुकटातही घेतल्या नाहीत, मग या बाईंनी स्वतःचं म्युझियमच काढलं

गोष्ट १९२९ सालची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे एक प्रस्ताव गेला. ५०० हून जास्त कलाकृती फुकट घ्या, त्या ठेवायला नवीन दालन बांधायचे पैसेही आम्हीच देतो. म्युझियमच्या संचालकांनी सरळ नकार दिला.

कारण काय, तर या कलाकृती अमेरिकन होत्या आणि त्यातले बरेचसे कलाकार जिवंत होते. तेव्हा भारी कला म्हणजे युरोपातली आणि शक्यतो जुनी, असाच समज होता.

हा संग्रह होता गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी यांचा. मेटने नाही म्हटलं आणि त्यांनी थेट स्वतःचं म्युझियम काढलं. याच म्युझियमचं व्हिटनी बायएनियल हे प्रदर्शन आज अमेरिकेतल्या समकालीन कलेचं सर्वात गाजणारं प्रदर्शन मानलं जातं.

पण या बाई होत्या कोण?

गर्ट्रूड यांचा जन्म ९ जानेवारी १८७५ चा, न्यूयॉर्कचा. पणजोबा कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांनी बोटी आणि रेल्वेच्या धंद्यात अफाट पैसा कमावला होता. किती, तर न्यूपोर्टमधल्या घराच्या उन्हाळी बंगल्यातच ७० खोल्या होत्या. १८९६ साली त्यांचं लग्न हॅरी पेन व्हिटनी यांच्याशी झालं. सासरही तितकंच श्रीमंत. घोडे, पोलो आणि पार्ट्या. तीन मुलं झाली.

अशा घरातल्या बाईने चित्रं विकत घ्यावीत, भिंतीवर लावावीत, इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. पण गर्ट्रूड यांना स्वतः शिल्पं घडवायची होती. त्यांनी न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये शिक्षण घेतलं. मात्र आडनाव आडवं यायचं. काम चांगलं असलं तरी लोक म्हणणार, श्रीमंत बाईचा छंद. म्हणून सुरुवातीला त्यांनी चक्क खोट्या नावाने शिल्पं प्रदर्शनात ठेवली.

१९०७ मध्ये त्यांनी ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका गल्लीत स्टुडिओ थाटला. या गल्लीत पूर्वी घोड्यांचे तबेले होते. आजूबाजूला राहायचे कफल्लक कलाकार. इथेच त्यांना कळलं की, प्रतिष्ठित प्रदर्शनांच्या दारात परीक्षक बसलेत आणि ते नव्या माणसाला आत सोडत नाहीत.

१९०८ साली आठ चित्रकारांनी या परीक्षकांना कंटाळून स्वतःचं प्रदर्शन भरवलं. रस्ते, गर्दी, साधी माणसं असे त्यांचे विषय. बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. सात चित्रं विकली गेली. त्यातली चार एकट्या गर्ट्रूड यांनी घेतली.

इथून त्या थांबल्याच नाहीत. १९१४ मध्ये स्टुडिओशेजारी प्रदर्शनाची जागा, १९१८ मध्ये कलाकारांसाठी क्लब. रोजचा कारभार बघायच्या त्यांच्या सहकारी ज्युलियाना फोर्स. मेटकडे प्रस्ताव घेऊन गेल्या होत्या त्याही फोर्सच.

या क्लबने १९२० मध्ये ३७ वर्षांच्या एका चित्रकाराचं पहिलं एकल प्रदर्शन भरवलं. एकही चित्र विकलं गेलं नाही. चित्रकाराचं नाव होतं एडवर्ड हॉपर. आज अमेरिकन चित्रकला म्हटलं की हे नाव पहिल्या काहींमध्ये येतं. पुढे हॉपरच्या पत्नीने त्याच्या अडीच हजारांहून जास्त कलाकृती याच म्युझियमच्या नावे केल्या.

हे सगळं सुरू असताना गर्ट्रूड यांची शिल्पकलाही सुरूच होती. टायटॅनिक बुडाली तेव्हा बायका-मुलांना आधी जाऊ देऊन जीव गमावलेल्या पुरुषांचं वॉशिंग्टनमध्ये एक स्मारक आहे. दोन्ही हात पसरून उभा असलेला पुरुष. ते शिल्प गर्ट्रूड यांचंच.

१९३१ च्या नोव्हेंबरमध्ये व्हिटनी म्युझियम उघडलं आणि १९३२ मध्ये पहिलं बायएनियल भरलं. बायएनियल म्हणजे दर दोन वर्षांनी होणारं प्रदर्शन. त्याचे नियम वेगळे होते. परीक्षक मंडळ नाही आणि बक्षीसही नाही. म्युझियम कलाकारांना बोलावणार आणि बक्षिसाऐवजी प्रदर्शनातल्याच कलाकृती विकत घेणार. मंदीच्या काळात कलाकाराच्या हातात पदकापेक्षा पैसे पडणं जास्त गरजेचं होतं.

१९३४ मध्ये मात्र त्यांचं नाव वेगळ्याच कारणाने पेपरांत गाजलं. दिवंगत भावाची दहा वर्षांची मुलगी ग्लोरिया हिच्या ताब्यासाठी त्या तिच्या आईविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. मंदीने पिचलेल्या अमेरिकेने या घराण्याची भांडणं चवीने वाचली. १८ एप्रिल १९४२ रोजी गर्ट्रूड यांचं निधन झालं.

प्रदर्शन पुढेही सुरू राहिलं. १९३७ पासून ते दरवर्षी व्हायचं, १९७३ पासून पुन्हा दोन वर्षांनी. पण एक गोची होतीच. परीक्षक नसले तरी कुणाला बोलवायचं हे कुणीतरी ठरवणारच. म्हणजे दारावरचा माणूस बदलला, दार तिथेच होतं. १९७० मध्ये महिला कलाकारांनी म्युझियमसमोर निदर्शनं केली, निम्म्या जागा आम्हाला द्या म्हणून. एका बाईने उभ्या केलेल्या म्युझियममध्ये बायकांनाच जागेसाठी भांडावं लागलं. २०१९ मध्ये अश्रुधुराचं साहित्य विकणाऱ्या कंपनीच्या मालकाला विश्वस्त मंडळातून घालवा म्हणून आंदोलन झालं. बायएनियलमधल्या आठ कलाकारांनी आपलं काम काढून घ्यायची मागणी केली आणि त्या विश्वस्ताला राजीनामा द्यावा लागला.

आणि मेटचं काय झालं? गर्ट्रूड यांच्यानंतर व्हिटनी म्युझियम मेटमध्ये विलीन करायचं ठरत होतं. पण नव्या अमेरिकन कलेला तिथे न्याय मिळेल का या शंकेने १९४८ मध्ये ते बारगळलं. २०१५ मध्ये व्हिटनी नव्या इमारतीत गेलं आणि मॅडिसन अव्हेन्यूवरची जुनी इमारत रिकामी झाली. ती भाड्याने कुणी घेतली?

मेटने. आधुनिक आणि समकालीन कला दाखवायला.